गोकुळ शिरगावहून नैरोबीला: पेटीत डीजी काय काय आहे आणि ते विमानानं कसं पाठवायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तुमचा छोट्या डिझेल इंजिन-पंपांचा घरचा कारखाना आहे. नैरोबीच्या व्यापाऱ्यानं नमुन्याचा एक सेट विमानानं मागवला. तुम्ही एकाच लाकडी पेटीत इंजिन-पंप, सेल्फ-स्टार्टची बॅटरी, लिथियम पॅक असलेला कंट्रोलर, टच-अपच्या रंगाचा डबा आणि गॅस्केटला लावायच्या शेलॅकची बाटली भरली आणि कागदावर ‘मशिनरी स्पेअर्स’ लिहिलं. मुंबईत सहारला एक्स-रेमध्ये पेटी अडली, डीजी म्हणजे धोकादायक माल आहे म्हणून परत आली. आता फॉरवर्डरकडचा, म्हणजे माल विमानापर्यंत पोचवणाऱ्या एजंटकडचा, माणूस म्हणतो, बॅटऱ्या तेवढ्या वेगळ्या पेटीत टाका, कागद तोच ठेवा, जाईल. नियम नेमका काय, एवढ्याशा वस्तूंनी खरंच काही होतं का, आणि कंट्रोलरचे जादा पॅक वडिलांनी उजळाईवाडीच्या विमानातून बॅगेत घालून मुंबईला नेले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बरीच वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या कारखान्यांचा डीजी माल विमानासाठी तपासतो, भरून देतो, कागद तयार करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही की त्या माणसाचा सल्ला मानू नका. बाकी सगळं त्याच्यानंतर.

रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकमधून धूर निघाला तर ड्रायव्हर खंबाटकीच्या अलीकडं गाडी कडेला घेतो, उतरतो आणि लांब जातो. समुद्रावरून उडणाऱ्या विमानाला जवळची धावपट्टी गाठायलाच बराच वेळ लागतो, आणि प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात उडताना सहसा कुणाला जाता येत नाही. मोठ्या विमानांत त्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दाबतात. पण लिथियम सेलच्या आत सुरू झालेली उष्णतेची साखळी हॅलॉननं थांबत नाही. एक सेल शेजारच्या सेलला तापवत जातो. त्यामुळं माल सुखरूप पोचणार की नाही हे जवळजवळ सगळं जमिनीवर, पेटी भरतानाच ठरतं. पेटीला पट्ट्या बसल्या की पुढं लोडर, विमान कंपनीचा माणूस, वैमानिक यांपैकी कुणी ती उघडून बघत नाही. एक्स-रेत वस्तूचा आकार दिसतो, बाटलीत काय आहे ते कळत नाही. त्यांना जे काही कळतं ते तुमच्या कागदावरून. आणि कायद्याच्या नजरेत तो कागद फॉरवर्डरचा नाही, पाठवणाऱ्याचा असतो. ट्रक कुणाचा, एजंट कोण, याला महत्त्व नाही. सही करणारा जबाबदार.

आता एवढ्याशा वस्तूंनी काय होतं ते बघू. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालेलं पॅन ॲमचं एक मालवाहू बोइंग ७०७ बोस्टनजवळ कोसळलं, आतले तिघेही कर्मचारी गेले. विमानात नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या होत्या आणि त्या लाकडाच्या भुशात बसवल्या होत्या. ॲसिड गळलं, भुशाशी त्याची प्रक्रिया झाली आणि कॉकपिटमध्ये धूर भरला, असं तपासात मानलं गेलं. लाकडाच्या पेट्या आणि भुसा आपल्याकडं किती सहज वापरतात ते तुम्हाला माहीतच आहे. कास्टिंगला भुसा चांगला, ऑक्सिडायझर असलेल्या ॲसिडला तो सरपण.

११ मे १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं डीसी-९ विमान दलदलीत पडलं आणि ११० माणसं गेली. त्याच्या पोटात विमानातलेच जुने काढलेले ऑक्सिजन जनरेटर पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरले होते. चाप चुकून उडू नये म्हणून लावायच्या सुरक्षा टोप्या बसवल्या नव्हत्या, आणि कागदावर ते रिकामे असल्याचं लिहिलं होतं. एक जनरेटर सुरू झाला की त्याचं कवच भयंकर तापतं आणि वर तो स्वतःच आगीला ऑक्सिजन पुरवतो. शेजारी टायर होते.

१५ मार्च २००० रोजी बीजिंगहून क्वालालंपूरला आलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या ए३३० मधून माल उतरवताना कामगारांना त्रास होऊ लागला. चेन्नईला जायचे ते डबे कागदावर एका घन रसायनाच्या नावानं होते. प्रत्यक्षात आत ऑक्झॅलिल क्लोराइड हा धातू खाणारा द्रव होता. तो विमानाच्या सांगाड्यात इतका मुरला की विमान पुन्हा उडवताच आलं नाही, मोडीत काढलं. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान लिथियम बॅटऱ्यांच्या आगीत गेलं, दोन्ही वैमानिक वारले. त्यातल्या निदान तीन पार्सलांतल्या बॅटऱ्या धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या, केल्या नव्हत्या, असं चौकशीत निघालं. पाठवणारे यातले कुणी घातपाती नव्हते. तुमच्यामाझ्यासारखेच डिस्पॅच उरकणारे लोक होते.

नियमांची उतरंड फार लांबवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं प्रत्येक धोकादायक पदार्थाला चार आकडी यूएन क्रमांक दिला. विमानासाठी आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, करारातलं परिशिष्ट १८ आणि त्याच्या तांत्रिक सूचना हा मूळ कायदा. विमान कंपन्या रोज वापरतात ते आयएटाचं, म्हणजे त्यांच्याच जागतिक संघटनेचं, जाडजूड नियमपुस्तक, त्याची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते. भारतात धोकादायक माल वाहतुकीचे विमान नियम, आणि देखरेख डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान महासंचालनालयाची. विमानातून असा माल नियम मोडून नेला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गेल्या वर्षीच्या पानाची झेरॉक्स टेबलाच्या काचेखाली ठेवून काम करणारे डिस्पॅचवाले मी पाहतो. ती काढून टाका. लिथियमची पानं तर जवळजवळ दर आवृत्तीत बदलतात.

धोक्याचे वर्ग नऊ: स्फोटकं, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन, ऑक्सिडायझर, विषारी व संसर्गजन्य, किरणोत्सारी, क्षरणकारी आणि नववा इतर. हा चढता किंवा उतरता क्रम नाही. लिथियम बॅटरी नवव्या वर्गात आहे म्हणून ती सगळ्यात गरीब, असं समजणारे लोक भेटतात. आज विमान कंपन्यांना सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे. धोक्याची तीव्रता वेगळ्या मापानं सांगतात, तिला पॅकिंग ग्रुप म्हणतात: एक म्हणजे जहाल, दोन मध्यम, तीन सौम्य. हा ग्रुप सगळ्याच वर्गांना नसतो, पण रंग, ॲसिड, सॉल्व्हंट यांना असतो.

आता तुमची पेटी उघडू.

सगळ्यात मोठी वस्तू इंजिन, आणि लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडं करतात. इंजिन म्हणजे लोखंड, त्यात धोकादायक काय, असं वाटतं. पण ज्वालाग्राही द्रवावर चालणाऱ्या इंजिनाला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन ३५२८, वर्ग ३. तुमचं इंजिन टेस्ट बेडवर चालवलेलं आहे, म्हणजे त्याच्यात डिझेल गेलेलं आहे. यातून सुटायची एक सरळ वाट नियमातच दिली आहे, ए७० ही विशेष तरतूद. टाकीत कधीच इंधन गेलं नसेल, किंवा टाकी धुऊन वाफ काढून टाकलेली असेल; पूर्ण इंधन यंत्रणेत मोकळा द्रव शिल्लक नसेल; सगळ्या इंधन नळ्यांची तोंडं बंद असतील; आणि इंजिनासोबत बॅटरी किंवा दुसरा कुठला धोकादायक माल नसेल, तर ते इंजिन डीजी राहत नाही. मग एअरवे बिलावर, म्हणजे विमानानं जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, ‘नॉट रिस्ट्रिक्टेड’ असे शब्द आणि या तरतुदीचा क्रमांक टाकायचा. हा शेरा राहिला तर काउंटरवर पुन्हा अडतं.

इथं कामाची खरी मेख आहे. टेस्ट बेडवरचा मुलगा सांगतो, टाकी रिकामी केली. टाकी रिकामी झाली असेल, पण फिल्टरच्या बाउलमध्ये, फीड पंपात, इंजेक्शन पंपात आणि रिटर्नच्या नळीत डिझेल राहतंच. इंधन बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवलं तरी थोडं उरतं, कारण हवा शिरली की इंजिन थांबतं, नळ्या कोरड्या होण्याच्या आधीच. म्हणून बाउल उघडा, नळ्या सोडा, पंपाचा ड्रेन उघडून ठेवा, टाकी धुवा, कोरड्या हवेनं वाफ काढा. हे काम वेल्डिंग आणि ग्राइंडरपासून लांब, मोकळ्या जागेत करा. संपमधलं वंगण तेलही काढा. त्याचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पेट घेईल अशी वाफ सुटते तो, फार वर असतो, पण गळती झाली की लोडरला ते तेल आहे की डिझेल हे कळत नाही आणि तो अख्खा माल थांबवतो. मग नळ्यांना प्लास्टिकच्या टोप्या, टाकीचं झाकण घट्ट, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो. फोटो नियमात सांगितलेले नाहीत, पण मुंबईत कुणी शंका घेतली तर दोन मिनिटांत मिटते. तुमच्या कारखान्यात यासाठी एक छोटा तक्ता करून टेस्ट बेडजवळ लावा आणि त्यावर काम करणाऱ्याची सही घ्या. पुढच्या प्रत्येक ऑर्डरला तो उपयोगी पडेल.

सेल्फ-स्टार्टची बॅटरी. तुम्ही लिहिलंय की ती एसएमएफ (सीलबंद, देखभाल न लागणारी) आहे, म्हणजे चालेल असं दुकानदार म्हणाला. दुकानदार देखभालीबद्दल बोलत होता, वाहतुकीबद्दल नाही. पाणी घालावं लागत नाही अशा बऱ्याच बॅटऱ्यांच्या आत आम्ल द्रवरूपातच असतं. ती यूएन २७९४, वर्ग ८, आम्लरोधक अस्तर असलेली मान्यताप्राप्त पेटी आणि पूर्ण डिक्लेरेशन, म्हणजे पाठवणाऱ्याचं सहीचं घोषणापत्र, मागते. ज्या बॅटरीत आम्ल काचतंतूच्या चटईत किंवा जेलमध्ये धरून ठेवलेलं असतं ती न सांडणारी, यूएन २८००. तिच्यासाठीही एक सूट आहे, ए६७: कंपन आणि दाबफरकाची चाचणी पास झालेली, ५५ अंश सेल्सिअसला कवच फुटलं तरी द्रव वाहणार नाही अशी, आणि टर्मिनल शॉर्ट होणार नाहीत अशी झाकलेली असेल तर ती डीजी धरत नाहीत. हे बॅटरी बनवणाऱ्याच्या चाचणी प्रमाणपत्रावरून सिद्ध करावं लागतं, तोंडी चालत नाही. माझं मत विचाराल तर ही बॅटरी पाठवूच नका. बारा व्होल्टची स्टार्टर बॅटरी नैरोबीत मिळते. जड, आम्लाची, कागदांची भानगड असलेली वस्तू विमानाचं भाडं भरून कशाला न्यायची? इंजिनाची सूट हवी असेल तर बॅटरी तसंही त्या पेटीत नको.

कंट्रोलर. त्यातला लिथियम आयन पॅक ११.१ व्होल्ट, २.६ अँपिअर-अवर आहे असं तुम्ही लिहिलंय. दोन्हीचा गुणाकार २८.८६ वॉट-अवर. उपकरणात बसवलेल्या लिथियम आयन बॅटरीचा क्रमांक यूएन ३४८१, पॅकिंग सूचना ९६७. सेल २० वॉट-अवरपर्यंत आणि बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर त्या सूचनेचा दुसरा विभाग लागतो, तो सोपा आहे: मजबूत कडक खोका, उपकरण वाटेत चुकून सुरू होणार नाही अशी सोय, बॅटरी मार्क म्हणजे खोक्यावरचं लिथियम बॅटरीचं ठरलेलं चिन्ह, आणि एअरवे बिलावर ठरलेलं वाक्य. एका पार्सलमध्ये उपकरणात बसवलेले दोनच पॅक आणि सगळ्या मालात अशी दोनच पार्सलं असतील तर मार्कचीही सूट आहे. तरीही मी मार्क लावून घेतो. अडवणूक टळते आणि पुढं हाताळणाऱ्याला आत काय आहे ते कळतं.

पण हा सोपा विभाग एका कागदावर उभा आहे. पॅक यूएन ३८.३ च्या चाचण्या पास झालेल्या प्रकारचा असला पाहिजे. उंचीवरचा कमी दाब, तापमानाचे झोके, कंपन, धक्का, बाहेरून शॉर्ट, दाबणं, जास्त चार्ज आणि जबरदस्तीचा डिस्चार्ज, अशा त्या चाचण्या. त्यांचा गोषवारा म्हणजे टेस्ट समरी, १ जानेवारी २०२० पासून ती मागेल त्याला उत्पादकानं द्यायचीच आहे. आपल्याकडं खूपदा काय होतं, चांगल्या कंपनीचे सुटे सेल आणून स्थानिक माणसाकडून पॅक जोडून घेतात आणि सेलचं प्रमाणपत्र फाइलला लावतात. ते चालत नाही. सेल वेगळा, पॅक वेगळा. जोडलेल्या पॅकच्या नमुन्याची स्वतःची चाचणी लागते. तुमचा पॅक कुणी जोडला हे मला तुमच्या माहितीत दिसलं नाही. आधी ते तपासा. टेस्ट समरी नसेल तर कंट्रोलर बॅटरीशिवाय पाठवा, तो मग साधा इलेक्ट्रॉनिक माल. आणि फुगलेला, पडलेला, एकदा गरम झालेला पॅक कुठल्याही सबबीवर विमानात टाकू नका, त्याला विमानबंदीच आहे.

जादा पॅक सुटे पाठवायचे असतील तर नियम एकदम कडक होतात. नुसत्या सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या, यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. फक्त मालवाहू विमान, चार्ज ३० टक्क्यांच्या आत, मान्यताप्राप्त पेटी, डिक्लेरेशन. उपकरणासोबत त्याच खोक्यात पण सुट्या ठेवलेल्या पॅकनाही १ जानेवारी २०२६ पासून ३० टक्क्यांची मर्यादा सक्तीची झाली आहे, अगदी छोटे २.७ वॉट-अवरपर्यंतचे सोडून. म्हणून जादा पॅक या खेपेला वगळा.

रंग आणि शेलॅक. तुम्हाला ही किरकोळ वस्तू वाटली असेल, पण पेटीतली सगळ्यात लवकर पेटणारी वस्तू हीच. गॅस्केटचा शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो, टच-अपच्या रंगात थिनर असतं. ज्वलनबिंदू ६० अंशांपर्यंत असला की द्रव वर्ग ३ मध्ये येतो, २३ अंशांच्या खाली गेला की पॅकिंग ग्रुप दोन. स्पिरिटचा ज्वलनबिंदू त्याच्याही बराच खाली आहे. म्हणजे कोल्हापूरच्या थंडीतल्या दुपारीसुद्धा त्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेईल अशी वाफ असते. विमानाच्या कप्प्यात तर बाहेरचा दाब कमी होतो. केबिन आणि कप्प्यातला दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. आपल्याकडं घट्ट बसवलेलं झाकण वर गेल्यावर आतल्या दाबानं ढिलं होतं, वरून विमानाची सततची थरथर. म्हणूनच द्रवाच्या आतल्या बाटलीनं ९५ किलोपास्कलचा दाबफरक सोसला पाहिजे, असा नियम आहे. हार्डवेअरच्या दुकानातला दाबून बसवायच्या झाकणाचा डबा ही चाचणी पास होईल याची खात्री कोण देणार?

नियमानं पाठवायची वाट आहेच. रंग यूएन १२६३. चिकटवण्याच्या पदार्थांना यूएन ११३३. शेलॅकच्या बाटलीवर नेमकं कुठलं नाव लागेल ते उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या १४ व्या कलमात बघायचं. त्या कलमात रस्ता, समुद्र आणि विमान यांच्या वेगळ्या ओळी असतात. विमानाची ओळ वाचा, रस्त्याच्या ओळीवर जाऊ नका. पॅकिंग ग्रुप दोनचा रंग प्रवासी विमानात एका पेटीत पाच लिटरपर्यंत जातो, मालवाहू विमानात साठ लिटरपर्यंत. तुमच्यासारख्या थोड्या मालाला मर्यादित मात्रेची सवलत आहे, एका पेटीत एकूण एक लिटर. पण रस्त्यावर मर्यादित मात्रा म्हणजे कागदातून सुटका, विमानात तसं नाही. डिक्लेरेशन लागतंच, पेटी १.२ मीटरवरून पडण्याची चाचणी सोसणारी लागते, आणि काही विमान कंपन्या मर्यादित मात्रेचा माल घेतच नाहीत. दोनशे मिलिलिटर रंगासाठी एवढं करायचं का, हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर व्यापाऱ्याला रंगाचा शेड नंबर कळवला असता आणि शेलॅक तिथंच घ्यायला सांगितलं असतं.

कधी ना कधी मोठी ऑर्डर येईल आणि डीजी पेटी करावीच लागेल, तेव्हासाठी पेटीबद्दल सांगतो. मान्यताप्राप्त पेटीवर यूएनचं गोल चिन्ह आणि त्यापुढं अक्षर-आकड्यांची ओळ छापलेली असते. ४जी म्हणजे पुठ्ठ्याची पेटी. त्यानंतर एक्स, वाय किंवा झेड: एक्स तिन्ही पॅकिंग ग्रुपना, वाय दोन आणि तीनला, झेड फक्त तीनला. या अक्षरांमागं खऱ्या आपटण्याच्या चाचण्या आहेत, अनुक्रमे १.८, १.२ आणि ०.८ मीटर उंचीवरून. पुढं किलोतलं कमाल एकूण वजन, उत्पादनाचं वर्ष, देशाचं चिन्ह. आपल्याकडं ही चाचणी आणि प्रमाणपत्र इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग देते. पेटी आतल्या बाटल्या, गादी आणि चिकटपट्टी यांच्यासकट पास झालेली असते. आतली काचेची बाटली बदलून दुसऱ्या आकाराची ठेवली किंवा सांगितलेल्या पट्टीऐवजी साधी ब्राऊन टेप लावली, की ती मान्यताप्राप्त राहत नाही, छाप असला तरीही. आणि व्हेंडरकडून आलेलं जुनं खोकं परत वापरताना त्यावरची जुनी लेबलं काढा. आत कास्टिंग आणि बाहेर ॲसिडचं लेबल, हाही नियमभंगच, कारण आग लागली तर अग्निशमनवाले लेबल बघूनच काय करायचं ते ठरवतात.

शिपर्स डिक्लेरेशन हा दोन्ही कडांना लाल तिरप्या रेघा असलेला फॉर्म, इंग्रजीत भरायचा. यूएन क्रमांक, ठरलेलं वाहतूक-नाव, वर्ग आणि असेल तर दुय्यम धोका, पॅकिंग ग्रुप, मात्रा व पेटीचा प्रकार, पॅकिंग सूचना, याच क्रमानं. व्यापारी नाव चालत नाही. दुकानात तो पदार्थ कुठल्या ब्रँडनं विकतात याच्याशी विमानाला देणंघेणं नाही. ‘प्रवासी आणि मालवाहू’ किंवा ‘फक्त मालवाहू’ यांतलं एक खोडायचं. खाडाखोड केली तर तिथं पुन्हा सही. विमान कंपनीचा स्वीकृती तपासनीस एकेक ओळ चेकलिस्टशी ताडतो आणि एक स्पेलिंग चुकलं तरी माल परत करतो. त्याच्यावर चिडू नका. विमान उडण्याआधी कॅप्टनच्या हातात जो डीजी मालाचा कागद जातो तो याच माहितीवरून बनतो, आणि हवेत धूर आला तर कॅप्टनजवळ तेवढंच असतं. डिक्लेरेशनची प्रत किमान तीन महिने जपून ठेवा. सही करणाऱ्यानं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं आणि ते दर दोन वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं. वर्षातून एखाददुसरी खेप असेल तर प्रशिक्षित पॅकरकडून करून घ्या. नियमित निर्यात होणार असेल तर तुम्ही स्वतः कोर्स करा, एवढा आग्रह मी करीन. कारखान्यातलं माणूस जेवढं आपल्या मालाला ओळखतं तेवढं बाहेरचा कुणी ओळखत नाही.

तुमच्या प्रश्नात नसलं तरी कोल्हापूर भागातल्या आणखी दोन मालांबद्दल बोलतो, कारण तुमच्या ओळखीत फाउंड्रीवाले आणि हुपरीचे चांदीवाले नक्की असतील. फाउंड्रीत रोज हाताळलं जाणारं फेरोसिलिकॉन, ३० ते ९० टक्क्यांच्या मधलं सिलिकॉन असलेलं, वर्ग ४.३ मध्ये आहे, यूएन १४०८. पाणी लागलं की ते ज्वालाग्राही वायू सोडतं आणि त्यात विषारी वायूही असू शकतात. लॅबला पाठवायचा पिशवीभर नमुना ‘मेटल पावडर’ म्हणून कुरिअरला देऊ नका. हुपरीत चांदी शुद्ध करायला नायट्रिक ॲसिड लागतं. ७० टक्क्यांपेक्षा तीव्र असेल तर प्रवासी विमानात त्याला जागाच नाही. त्याच कामातली सायनाइडची क्षारं वर्ग ६.१ मध्ये. ॲसिड आणि सायनाइड एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, त्यामुळं हे दोन कधीही, एका टेम्पोतसुद्धा, जवळजवळ ठेवू नयेत. ॲसिडच्या बाटलीभोवती व्हर्मिक्युलाइटसारखं न जळणारं शोषक भरायचं. भुसा, कागद, कापसाच्या चिंध्या नकोत.

वडिलांच्या बॅगेचं. प्रवाशाला सुट्या बॅटऱ्या नेता येतात, पण हातातल्या सामानात, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-अवरच्या आतल्या, प्रत्येकीची टर्मिनल टेपनं झाकून किंवा वेगळ्या पिशवीत. १०० ते १६० मधल्या असतील तर विमान कंपनीच्या परवानगीनं दोन. १६० च्या वर नाहीच. पॉवर बँकही सुटी बॅटरीच धरतात. तुमचे पॅक २८.८६ चे, म्हणजे आकडा बसतो. पण ही सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी आहे. ग्राहकाला द्यायचा व्यापारी माल बॅगेतून नेणं तिच्यात बसत नाही, मग तो एक पॅक असो वा दहा. तेव्हा वडिलांना नेऊ देऊ नका. आणि ते मुंबईला जाणारच असतील तर आईनं लेकीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून दिल्या नाहीत ना, तेही बघा. सुकं खोबरं तेलकट असल्यामुळं आपोआप तापू शकतं, म्हणून ते यूएन १३६३, वर्ग ४.२ मध्ये आहे आणि विमान कंपन्यांच्या मनाई यादीत असतं. कोल्हापूरच्या मसाल्यासाठी लागणारं खोबरं मुंबईत घ्यावं.

तर आता तुमची खेप अशी करा. इंजिन-पंप एका पेटीत, इंधनमुक्त करून, ए७० च्या शेऱ्यासह. कंट्रोलर दुसऱ्या पेटीत, टेस्ट समरी मिळाली तर आतल्या पॅकसह यूएन ३४८१ म्हणून, नाहीतर पॅक काढून. बॅटरी, रंग, शेलॅक घरी. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टवर ‘स्पेअर्स’ न लिहिता ‘डिझेल इंजिन-पंप, इंधनरहित’ आणि ‘लिथियम आयन बॅटरीसह कंट्रोलर’ असं स्पष्ट लिहा. फॉरवर्डरला हे लेखी कळवा आणि बुकिंगच्या आधी ज्या विमान कंपनीनं माल जाणार तिचे स्वतःचे जादा नियम विचारायला सांगा. काही कंपन्या आयएटापेक्षा कडक असतात. इंजिनाची पेटी या आठवड्यातही निघू शकेल. कंट्रोलरच्या पेटीला पॅक जोडणाऱ्याकडून कागद यायचा वेळ द्या, आणि तो आज-उद्या करू लागला तर पॅक काढून ठेवा.